कातकरी माणसं वाढली, मग कातकरी भाषा का आटतेय?

पावसाच्या पहिल्या सरी पडल्या की पेण आणि रोह्याच्या बाजारात रस्त्याच्या कडेला शेवळं, टाकळा, भारंगी, कुर्डू अशा रानभाज्या दिसू लागतात. शेवळं घेतलीत तर विकणारी बाई सोबत काकडंही घ्यायला सांगते, कारण ती न घालता भाजी केली तर घसा खाजतो. तुमच्याशी ती मराठीतच बोलते. पण शेजारी बसलेल्या बाईशी तिच्या गप्पा सुरू झाल्या की अर्धं समजतंय आणि अर्धं निसटतंय असं काहीतरी कानावर पडतं. ती बरेचदा कातकरी भाषा असते.

या भाषेची गोष्ट जरा वेगळी आहे. 'शेवटचा भाषक गेला आणि भाषा संपली' अशा बातम्या आपण अधूनमधून वाचतो. तिथे बहुतेक वेळा ती बोलणारा समाजच आधी उद्ध्वस्त झालेला असतो. कातकऱ्यांचं तसं नाही. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात कातकरी (काथोडी) जमातीची लोकसंख्या २ लाख ३५ हजारांच्या आसपास होती. २०११ मध्ये ती २ लाख ८५ हजारांवर गेली. माणसं वाढतायत, तरी त्यांची भाषा मागे पडतेय. असं का होतंय?

थोडक्यात सांगायचं तर

• कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक जमात आहे. बाकीच्या दोन म्हणजे कोलाम आणि माडिया गोंड.
• रायगड, ठाणे आणि पालघर हे त्यांचे मुख्य जिल्हे. पुणे, रत्नागिरी आणि नाशिकमध्येही त्यांची वस्ती आहे.
• त्यांची स्वतःची भाषा आहे, पण स्वतंत्र लिपी नाही. लिहायची वेळ आली तर देवनागरी वापरली जाते.
• २०११ च्या जनगणनेत या भाषेला स्वतंत्र आकडा नाही.

कातकरी हे नाव कुठून आलं?

पानाला चुन्यासोबत जो कात लावतात, त्या कातावरून. खैराच्या झाडाच्या गाभ्याचे बारीक तुकडे करायचे, ते मडक्यात पाण्यात तासन्‌तास उकळायचे, अर्क गाळून आटवायचा आणि थंड झाल्यावर त्याच्या वड्या पाडायच्या. ज्यांचं हे काम, ते कातकरी किंवा काथोडी. कात फक्त पानात जात नव्हता. औषधात, रंगकामात आणि कातडी कमावण्यातही त्याला मागणी होती.

याच कौशल्यासाठी काही काथोडी कुटुंबांना राजस्थानात उदयपूरच्या बाजूला नेण्यात आलं. त्यांचे वंशज आजही तिथे राहतात. गुजरातमध्येही काथोडी आहेत आणि तिथेही ते विशेष असुरक्षित गटात मोडतात.

जमातीत सोन कातकरी आणि ढोर कातकरी असे मोठे गट आहेत. पेण-रोह्याच्या डोंगरपट्ट्यात त्यांच्या शेजारी ठाकर समाजही राहतो. बाहेरची माणसं दोघांना सरसकट 'आदिवासी' म्हणून मोकळी होतात, पण ठाकरांची बोली वेगळी आणि कातकऱ्यांची वेगळी.

ही भाषा आहे की मराठीची बोली?

हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या 'लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया'चा मराठीवरचा सातवा खंड १९०५ मध्ये आला. त्यात कातकरीची नोंद मराठीच्या कोकणातल्या बोलींबरोबर आहे. दुसरीकडे, जगातल्या भाषांना जे तीन अक्षरी आंतरराष्ट्रीय कोड दिले जातात, त्यात कातकरीला 'केएफयू' हा वेगळा कोड आहे. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणात महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांनी संपादित केला. त्यातही आदिवासींच्या भाषांमध्ये कातकरी आहे.

म्हणजे एका यादीत बोली आणि दुसरीत भाषा. अभ्यासकांच्या दृष्टीने या दोन शब्दांमध्ये पक्की रेघ नसते. कातकरी ही मराठीसारखीच भारतीय-आर्य कुळातली आहे आणि शेकडो वर्षं मराठीच्या शेजारी नांदली आहे, त्यामुळे दोघींत साम्य असणारच. पण ज्या घरात ती बोलली जाते, तिथल्या लहान मुलासाठी शाळेच्या पुस्तकातली मराठी ही शिकावी लागणारी दुसरी भाषा असते. व्यवहारात फरक पडतो तो इथे.

आणि 'बोली' या शिक्क्याचा तोटाही होतो. एखादी भाषा मराठीचीच बोली मानली, की तिच्यासाठी वेगळं पुस्तक, वेगळा शिक्षक किंवा वेगळी नोंद कशाला हवी, असा सरळ हिशेब लावला जातो.

जनगणनेत ही भाषा का दिसत नाही?

२०११ च्या जनगणनेत लोकांनी सांगितलेल्या मातृभाषांची कच्ची नावं १९,५६९ भरली. छाननीनंतर त्यातून १,३६९ मातृभाषा निश्चित झाल्या. पण देशभरात किमान १०,००० लोकांनी जिचं नाव सांगितलं, तिचाच आकडा स्वतंत्रपणे छापला जातो. बाकीच्या सगळ्या 'इतर' या रकान्यात जातात.

प्रसिद्ध झालेल्या या यादीत कातकरी हे नाव वेगळं दिसत नाही. जमात पावणेतीन लाखांच्या वर, पण भाषेच्या तक्त्यात तिचं नावच नाही. मातृभाषा विचारल्यावर 'मराठी' सांगितलं की नोंद मराठीचीच होते. प्रगणकही गृहीत धरून चालला, तर वेगळी नोंद व्हायचा प्रश्नच उरत नाही. आणि आकडा नसला की योजना आखणाऱ्याच्या टेबलावर तो विषय जातच नाही.

जंगल बंद झालं तेव्हा काय झालं?

कातकऱ्यांची भाषा आणि जंगल वेगळं काढता येत नाही. कुठलं कंदमूळ कधी खणायचं, कुठलं विषारी, कुठलं शिजवून पाणी फेकलं की खाण्याजोगं होतं, ओढ्यात कुठला मासा कुठल्या महिन्यात चढतो, शेतातले मुठे, म्हणजे खेकडे, कधी बाहेर पडतात, मध कुठे लागतो, हे सगळं ज्ञान आजी-आजोबांकडून नातवंडांकडे चालता-चालता जायचं. त्यासाठी जंगलात जाता आलं पाहिजे.

१८७८ च्या वन कायद्यानंतर जंगलाचे मोठे भाग राखीव झाले. खैर तोडणं हा गुन्हा ठरू लागला. कात करणाऱ्यांच्या हातातून कात गेला आणि कोळसा पाडणं, लाकूड तोडणं, दुसऱ्याच्या शेतावर राबणं अशी कामं आली. त्या काळातल्या सरकारी कागदपत्रांत त्यांच्याकडे चोरट्यांची जमात म्हणून संशयाने पाहिलं गेलं. तो संशय इंग्रज गेल्यावरही पुरता गेलेला नाही.

जुन्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडमध्ये, याच काळातला 'दळी'चा विषय आहे. डोंगरउतारावर फांद्या तोडून जाळायच्या आणि त्या राखेत नाचणी-वरी पेरायची, ही दळीची शेती. सरकारने ती बंद न करता ठराविक जागा गटाच्या नावावर लावून दिल्या. लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथे पिकवत राहिले, पण कागदावर जमीन वन खात्याचीच राहिली. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर या दळी जमिनींचे दावे दाखल होऊ लागले. पेण, रोहा आणि माणगाव भागात सुरेखा दळवी यांची श्रमिक क्रांती संघटना आणि उल्का महाजन यांचं सर्वहारा जन आंदोलन या प्रश्नावर काम करत आले आहेत.

जंगलाच्या हक्कासाठी कातकऱ्यांनी प्राणही दिले आहेत. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातल्या चिरनेर इथे जंगल सत्याग्रह झाला आणि पोलिसांनी गोळीबार केला. त्यात हुतात्मा झालेल्यांमध्ये नाग्या महादू कातकरी यांचं नाव आहे. दरवर्षी त्या दिवशी चिरनेरला त्यांना मानवंदना दिली जाते.

वर्षाचे सहा-सात महिने भट्टीवर

पाऊस संपला, भातकापणी झाली, दिवाळी सरली की कातकरी वाड्या रिकाम्या व्हायला लागतात. अनेक कुटुंबं वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातात. कुणी ठाणे-पालघरकडे, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, तर कुणी थेट कर्नाटकात. परत येतात ती पावसाच्या तोंडावर.

जाण्याआधी मालकाकडून उचल घेतलेली असते. पावसाळ्यातलं खाणं, आजारपण, लग्न या पैशातच भागतं. मग हंगामभर राबून ती फेडायची. हिशेब मालकाच्या वहीत, त्यामुळे हंगाम संपला तरी उचल फिटलेली नसते. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली असली, तरी उचलीच्या रूपाने ती टिकून राहिल्याची प्रकरणं पुढेही समोर येत राहिली. ठाणे जिल्ह्यात विवेक पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेचा लढा याच वेठबिगारीविरुद्ध उभा राहिला. भट्टीवरच्या मुलांसाठी 'भोंगाशाळा' निघाल्या त्याही याच भागात.

भाषेशी याचा संबंध काय? म्हातारी माणसं अनेकदा वाडीवरच मागे राहतात आणि मुलं आई-बापाबरोबर भट्टीवर जातात. गोष्टी, गाणी, झाडांची नावं ज्यांना येतात ती पिढी एका ठिकाणी आणि ज्यांनी शिकायचं ती दुसऱ्या ठिकाणी. भट्टीवर मुकादमाशी, मालकाशी, ट्रकवाल्याशी बोलायला मराठी, हिंदी किंवा कन्नड लागते.

पायाखालची जागाही आपली नाही

भाषा टिकायला तिचे लोक एकत्र राहावे लागतात. रायगडमधल्या अनेक कातकरी वाड्या खासगी मालकाच्या जमिनीवर आहेत. कधीकाळी शेतमजूर हाताशी असावेत म्हणून जमीनदारांनी त्यांना बांधावर वसवलं. पिढ्या गेल्या, पण सातबाऱ्यावर त्यांचं नाव आलं नाही. मुंबई जवळ आली, जमिनीचे भाव चढले, फार्महाऊस आणि प्लॉटिंग सुरू झालं, तशी या वाड्यांभोवती कुंपणं पडू लागली. डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांनी कातकऱ्यांच्या या विस्थापनावर लिहिलेलं 'फायटिंग इव्हिक्शन' हे पुस्तक २०१३ मध्ये आलं.

वाडी उठली तर घरं दुसरीकडे बांधता येतील. पण पंचवीस घरं पाच गावांत पांगली, तर आपल्या भाषेत बोलायला शेजारी कोण उरणार?

शाळेत नेमकं काय होतं?

पेणमध्ये आदिवासी विकास विभागाचं एकात्मिक प्रकल्प कार्यालय आहे. जिल्ह्यातल्या आश्रमशाळा आणि वसतिगृहांचा कारभार तिथून चालतो. आश्रमशाळांमुळे कातकऱ्यांची मुलं शिकू लागली, ही मोठीच गोष्ट आहे. पण शिक्षणाचं माध्यम मराठी, आणि वसतिगृहात ठाकर, कातकरी अशी सगळी मुलं एकत्र, त्यामुळे आपसातली भाषाही मराठीच होते.

कायदा याबाबत गप्प नाही. राज्यघटनेचं कलम ३५० अ भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयी कराव्यात असं सांगतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शक्य तिथे मातृभाषेतून शिकवण्याची तरतूद आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाचाही भर त्यावरच आहे. पण आधी भाषेची नोंद हवी, मग पुस्तक आणि ती येणारा शिक्षक. कातकरीची गाडी पहिल्याच पायरीवर अडते.

त्यात लाजेचाही भाग आहे. कोकणात काही ठिकाणी 'कातकरी', 'कातोडी' हे शब्द अजूनही हिणवण्यासाठी वापरले जातात. वर्गात चारजण हसले की मूल ती भाषा बाहेर बोलायचं थांबवतं. पुढे ते स्वतः आई किंवा बाप होतं, तेव्हा घरातही मराठीच बोलतं. यात त्याची चूक काढता येणार नाही. तहसील कार्यालयात, दवाखान्यात, बसमध्ये, नोकरीत मराठीच लागते, हे त्याने पाहिलेलं असतं.

युनेस्कोने भाषांच्या धोक्याच्या पायऱ्या ठरवल्या आहेत. मुलं घरात ती भाषा मातृभाषा म्हणून शिकायची थांबली, की ती 'निश्चितपणे धोक्यात' या पायरीवर येते. त्या भाषेचे मोठ्या वयाचे लोक किती शिल्लक आहेत याआधी हे पाहिलं जातं.

जगात इतरत्र काय घडलं?

दक्षिण अमेरिकेच्या टोकाला चिलीमध्ये याघान ही समुद्रावर जगणारी जमात होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बाहेरून आलेल्या रोगांनी तिची लोकसंख्या झपाट्याने घटली. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी क्रिस्टिना काल्देरोन वयाच्या ९३ व्या वर्षी गेल्या आणि याघान मातृभाषा म्हणून बोलणारं शेवटचं माणूस गेलं. आपल्याकडे अंदमानमध्ये २०१० च्या जानेवारीत बोआ सीनियर या आजी गेल्या आणि 'बो' भाषा संपली. भाषाशास्त्रज्ञ अन्विता अब्बी यांनी त्यांचा आवाज वेळेत रेकॉर्ड केला म्हणून तो आज ऐकता तरी येतो.

उलट उदाहरणही दक्षिण अमेरिकेतच आहे. पॅराग्वेमध्ये ग्वारानी या मूळनिवासी भाषेला १९९२ च्या राज्यघटनेने स्पॅनिशच्या बरोबरीने अधिकृत दर्जा दिला. तिथे ग्वारानी फक्त मूळनिवासी बोलत नाहीत, देशातले बहुसंख्य लोक बोलतात.

आणखी एक उदाहरण तर रोह्याच्याच नदीकाठी सापडतं. रोह्यातून वाहणारी कुंडलिका रेवदंड्याच्या खाडीत समुद्राला मिळते. तिथे कोर्लई गावात पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून तयार झालेली एक भाषा बोलली जाते. गावकरी तिला 'नौ लिंग' म्हणजे 'आपली भाषा' म्हणतात. पोर्तुगीजांनी १७४० मध्ये चौल सोडलं, तरी ही भाषा जेमतेम हजारभर लोकांत टिकली. एक गाव, एक चर्च आणि एकमेकांजवळची घरं हे त्यामागचं मोठं कारण. कातकऱ्यांची संख्या त्यांच्या कित्येक पट आहे, पण त्यांच्या वाड्या विखुरलेल्या आणि वर्षातून अर्ध्या काळ रिकाम्या असतात.

सरकारी योजनांत भाषेला जागा आहे का?

विशेष असुरक्षित गट ठरवण्याचे निकष आहेत शेतीपूर्व काळातलं तंत्रज्ञान, कमी साक्षरता, थांबलेली किंवा घटणारी लोकसंख्या आणि आर्थिक मागासलेपण. भाषा टिकली की नाही, हा प्रश्न त्यात नाही.

या गटांसाठी १५ नोव्हेंबर २०२३ रोजी पीएम-जनमन अभियान सुरू झालं. पक्की घरं, रस्ते, पाणी, वीज, अंगणवाडी, वसतिगृह, फिरता दवाखाना, मोबाईल टॉवर अशी ११ प्रकारची कामं त्यात आहेत. कातकरी वाड्यांना यातल्या बहुतेक गोष्टींची नितांत गरज आहे. पण या ११ कामांतही भाषा नाही. केंद्र सरकारने २०२५ मध्ये 'आदि वाणी' हे आदिवासी भाषांच्या भाषांतराचं अ‍ॅप आणलं. सुरुवातीला त्यात संथाली, भिली, मुंडारी आणि गोंडी या चार भाषा होत्या.

अभ्यासाच्या पातळीवर पुण्याच्या डेक्कन कॉलेजने मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण करून बोलण्याचे नमुने ऑनलाइन उपलब्ध केले आहेत. खास कातकरी समाजावर ए. एन. वेलिंग यांचं पुस्तक तर १९३४ चं आहे. म्हणजे अभ्यासक नव्वद वर्षांपूर्वीच वाडीवर पोचले होते. 

मग आता काय करता येईल?

सगळ्यात जवळची संधी आहे जनगणनेची. पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली आहे. मातृभाषेच्या रकान्यात माणूस जे सांगेल तेच लिहायचं असतं. देशभरातून १०,००० लोकांनी 'कातकरी' असं सांगितलं, तर भाषेला स्वतःचा आकडा मिळू शकतो. जमातीची संख्या पाहता ही अट अवघड नाही. फक्त ही गोष्ट वाडीवर आधी पोचायला हवी.

दुसरी गोष्ट अंगणवाडीची. शाळेची घडी बदलायला वेळ लागेल, पण तीन ते सहा वर्षांच्या मुलाशी त्याच्या भाषेत बोलणारी वाडीतलीच एखादी ताई तिथे असेल, तर मुलाला भाषा बदलल्याचा धक्का बसत नाही आणि ते शाळेत टिकण्याची शक्यता वाढते. मराठी शिकणं आणि कातकरी टिकणं यात भांडण नाही. दोन-तीन भाषा एकाच वेळी बोलणारी मुलं भारतात घरोघरी आहेत.

तिसरं काम मोबाईलवर होण्याजोगं आहे. शिकलेल्या कातकरी मुलांनी आजी-आजोबांकडून गाणी, गोष्टी, झाडामाशांची नावं त्यांच्या परवानगीने रेकॉर्ड केली, तर तो ठेवा त्यांच्याच समाजाच्या हातात राहील. बाहेरच्यांनी करायचं ते सोपं आहे. कुणी ही भाषा बोललं तर हसायचं नाही, आणि 'कातकरी' हा शब्द शिवीसारखा वापरायचा नाही.

याघानला ही संधी मिळाली नाही, कारण बोलणारंच कुणी उरलं नाही. कातकरी बोलू शकणारी माणसं आज पेण-रोह्याच्या वाड्यांवर आहेत, त्यांच्या मांडीवर नातवंडंही आहेत. पण दिवाळीनंतर ती नातवंडं भट्टीवर जातात. ती वाडीवर राहिली, वाडीची जागा वाडीच्या नावावर झाली आणि शाळेत त्यांच्या भाषेला हसू मिळालं नाही, तर कातकरी टिकवायला वेगळी मोहीम लागणार नाही.